चिमी कुणी नेली?

“ताई, चिमी गेली. राती कुनीतरी दोरी कापून नेली तिला.”

दांडीच्या ललित तामोरेचा हा फोन आला तेव्हा समिधा चुरीचं दूध गॅसवर होतं. ते उतू गेलं आणि ती बघत राहिली.

“कशाला हात लावू नकोस. मी येते,” एवढंच ती म्हणाली.

समिधा पोलीस नव्हती. बोईसरच्या एका शाळेत ती गणित शिकवायची, आणि गावाबाहेर वडिलांच्या चिकूच्या वाडीत पत्र्याची शेड टाकून सोडून दिलेल्या कुत्र्यामांजरांना सांभाळायची. ती बरी झाली की त्यांना घरं शोधून द्यायची. बदली झाली की माणसं फ्रीज नेतात, सोफा नेतात, कुंड्यासुद्धा नेतात आणि कुत्रं तेवढं फाटकाशी ठेवून जातात, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं की माणसांवर चिडायला तिला आता वेगळं कारण लागत नसे.

आज मात्र कारण होतं. ललित उद्या, रविवारी, चिमीला परत आणून देणार होता.

चिमी ही कुत्री मुळात मासवणच्या गोजराबाईची. म्हातारी एकटी राहायची. फेब्रुवारीत ती घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग ती लेकीकडे नाशिकला गेली. इकडे तिच्या मुलानं, जितेशनं, चिमीला समिधाच्या शेडवर आणून सोडलं. “रस्त्यावर सापडली, बेवारस दिसते,” असं सांगून. कुणी चौकशीला आलं नाही, म्हणून मार्चमध्ये समिधानं चिमी ललितला दिली.

जुलैअखेर गोजराबाई घरी परतली. चिमी कुठंतरी निघून गेली, असं मुलानं तिला सांगितलं होतं. पण शेजारच्या मुलीनं मोबाईलवर शेडच्या पानावरचा फोटो दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी काठी टेकत बोईसरला येऊन समिधाच्या पायरीवर बसली. तिच्यामागे जितेश आला आणि समिधावरच ओरडला. आम्ही सांभाळायला दिली होती, तुम्ही वाटून टाकलीत, म्हणाला. तो तेव्हा काय बोलला होता ते समिधाला शब्दन् शब्द आठवत होतं. पण म्हातारीसमोर तिनं वाद घातला नाही.

कारण म्हातारीचं सगळं त्या कुत्रीवर येऊन ठेपलं होतं. जितेशचा बोईसरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. आईनं मासवणचं घर बंद करून तिकडे यावं, असा त्याचा धोशा होता. गोजराबाईला ते नको होतं, आणि एकटीनं राहायची हिंमतही आता उरली नव्हती.

“चिमी असली तं मी एकटी नाय,” ती समिधाला म्हणाली होती. “ती नसली तं माझं घर सुटलं, बाय.”

आणि आता चिमीच नव्हती.

शेडची जुनी गाडी कुशल चालवायचा; दत्तक दिलेल्या जनावरांना घरी जाऊन बघून यायचं कामही त्याचंच. दांडीला जाताना समिधानं मोबाईलमध्ये चिमीचा शेवटचा फोटो उघडला. दत्तक दिलेल्या जनावराचा दर महिन्याला ताजा फोटो पाठवायचा, अशी तिची अट होती, आणि जुलैचा फोटो ललितनं वेळेवर पाठवला होता. चिमी ऐटीत बसलेली. तोंड उघडं, डोळे उन्हानं बारीक झालेले, मोकळ्या गळ्याखाली छातीवरचा पांढरा ठिपका. मागे दोरीवर ओळीनं टांगलेले बोंबील. समिधानं तेव्हा खूश होऊन अंगठाही पाठवला होता.

दांडीत पावसानं जरा उसंत घेतली होती. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. बोंबील सुकवायच्या वलांडींचे नुसते बांबू उभे होते, त्यांच्या दोऱ्या सोडून घरात गेल्या होत्या. ललित ओट्यावर जाळं विणत बसला होता. तो उठला आणि त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला.

खुंटा कुंपणाशी होता. भोवती टाकळा गुडघ्याएवढा माजला होता. तो बाजूला सारून समिधानं दोरीचा तुकडा उचलला. हिरवी नायलॉनची दोरी, टोक सुरीनं कापलेलं, सरळ. दोरी चांगली कोरी होती.

“शेवटची कधी पाहिलीस तिला?”

“काल संध्याकाळी. भात घातला आन् आत गेलो.”

“रात्री काही ऐकलं नाहीस?”

“पत्र्यावर पाऊस वाजत व्हता. कायबी ऐकू नाय आलं.”

“गळ्यात पट्टा होता?”

“व्हता ना. मीच केलता, पाडव्याला. जाळ्याची निळी दोरी, त्येला जाळं तरंगवायचा बारका पिवळा बोया. तवापासून कदी काढला नाय.”

“घरात आणखी कोण असतं? तुझे खलाशी?”

“ते गावाला. पावसाळ्यात कोन ऱ्हातंय हितं? नारळी पुनवेला येतील समदी.”

“कुणावर संशय?”

“ज्येला पायजे व्हती त्येनीच नेली असंल. त्या म्हातारीचा लेक.”

“ओळखतोस त्याला?”

“तोंडबी बघितलं नाय त्येचं. पन दुसरं कोन नेनार? हितं कुत्री काय कमी हायत?”

यात तथ्य होतं. गावात कुत्री ढिगानं पडलेली असताना दोरी कापून नेमकी चिमी कोण नेईल?

चौकीतल्या हवालदारानं ऐकून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसला. कुत्री पाळीव की भटकी, असं त्यानं विचारलं. आधी पाळीव, मग भटकी, मग पुन्हा पाळीव, असं समिधानं सांगितल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं. मालक नक्की कोण ते आधी तुम्हीच ठरवा आणि मग या, म्हणाला. समिधा बाहेर आली तेव्हा तिचं डोकं ठणकत होतं. राग हवालदारावर होता, पण प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दुपारी ते मासवणला पोचले. गोजराबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. शनिवारची सुट्टी म्हणून जितेश आला होता. चिमी चोरीला गेल्याचं सांगून समिधानं त्याला अंगणात घेतलं.

“काल रात्री कुठे होतास?”

“कंपनीत. सेकंड शिफ्ट, वर ओव्हरटाइम. गेटवर विचारा.”

“दांडीला कधी गेलायस?”

“आजवर कधीच नाही. मला चोर ठरवताय?”

“विचारतेय.”

“मग मीच विचारतो. माझ्या आईचं जनावर तुम्ही कुणाला दिलंत? ज्यानं तिच्या गळ्यात पिवळा बोया बांधला, त्याला. कुत्री आहे ती, जाळं नाही. एवढी चाड असती तर ती हरवलीच नसती.”

समिधा वळली, तर पडवीतून गोजराबाई बघत होती.

“बाय, मिळंल ना?”

“मिळेल,” समिधा म्हणाली, आणि कशाच्या जोरावर म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

परतताना कुशल कंपनीच्या गेटवर जाऊन आला. जितेश खरोखरच उजाडेपर्यंत कामावर होता. दांडीला जाऊन दोरी कापणारा तो नव्हता.

शेडवर येऊन कुशल ‘हरवली आहे’ची पाटी करायला बसला. चिमीचा फोटो लावला, खाली खुणा लिहू लागला. तपकिरी रंग, छातीवर पांढरा ठिपका, गळ्यात निळा पट्टा. मग तो थांबला. या फोटोत पट्टा दिसत नाही, तर लिहू की नको, असं त्यानं विचारलं.

समिधानं मोबाईल त्याच्या हातून घेतला. फोटो तिनं बोटांनी मोठा करून पाहिला.

“जुलैमध्ये तू दांडीला जाऊन चिमीला बघून आलास ना?”

कुशलनं मान खाली घातली. पाऊस फार होता, गाडीचा वायपर बंद होता, म्हणून फोनवरच विचारलं. ललित म्हणाला, मजेत आहे. मग मी ‘पाहिली’ असं सांगून टाकलं.

समिधानं मोबाईल पर्समध्ये टाकला. बोलायला लागली असती तर थांबली नसती. “गाडी काढ,” एवढंच म्हणाली.

ललित अजून ओट्यावरच होता. समिधानं त्याच्यापुढे मोबाईल धरला.

“जुलैत तुमच्याकडे बोंबील कुठे सुकतात, ललित?”

ललितचा हात जाळ्यावरच राहिला.

“मासेमारी बंद, होड्या ताडपत्रीखाली, वलांडीच्या दोऱ्या घरात. आणि या फोटोत चिमीच्या मागे कडक उन्हात बोंबील टांगलेत. पाडव्यापासून पट्टा काढला नाहीस म्हणतोस आणि गळा मोकळा. हा फोटो मार्चचा आहे. आता खुंट्याचं सांग. कुत्रं बांधलं की भोवतीची जमीन उघडी पडते. तुझ्या खुंट्याभोवती टाकळा गुडघ्याला लागतो. आणि दोरीवर चिमीचा एक केस नाही. या पावसाळ्यात तिथं कुत्रं बांधलेलंच नव्हतं. दोरी तूच कापलीस. चिमी कधी गेली?”

ललितनं जाळं बाजूला ठेवलं. मग तो जे बोलला ते ऐकून समिधाला आधी हसावं की ओरडावं ते कळेना.

“पावसाळ्यात समदीच घरी जातात, ताई. होडी वर, जाळी वर, खलाशी गावाला. कुत्रीला तरी काय काम? मासळी नाय तं कावळं कशावरून हाकनार? माजा खलाशी पुंजाराम म्हनला, मी नेतो, माज्याकडं भात खाईल, पुनवेला संगं आनतो. मी तिला टाकली नाय, ताई. सुट्टीवर धाडली.”

बाकीचं त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पुंजाराम मनोरच्या पलीकडचा. जूनच्या सुरुवातीला तो टेम्पोनं निघाला. मासवणच्या नाक्यावर टेम्पो चहाला थांबला आणि चिमीनं उडी मारली. पुंजारामनं हाका मारल्या, थोडं शोधलं, आणि टेम्पो सुटेल म्हणून निघून गेला. ललितला वाटलं, येईल कधीतरी. फोटो तर त्यानं मार्चमध्येच एकदम काढून ठेवले होते, तेच दर महिन्याला एकेक पाठवत राहिला. मग रविवारी कुत्री आण, असा समिधाचा फोन आला. कुत्री दुसऱ्याला द्यायची नाही, असा शब्द दिलेला. गावात अब्रू जाईल म्हणून त्यानं दोरी आणली आणि कापली.

“जूनमध्येच खरं बोलला असतास तर तेव्हाच शोधली असती,” समिधा म्हणाली. आवाज चढला होता, आणि शेजारच्या ओट्यावरच्या बाया बघू लागल्या होत्या. एकानं फोटो जुना पाठवला, एकानं न जाताच भेट दिली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, सगळी आपापली सोय होती. अशा माणसांवर रागावून उपयोगही होत नाही, आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

गाडीत कुशल म्हणाला, आता सोडून द्या, दोन महिने झाले, कुठे शोधणार. मासवणच्या नाक्यावर, हे दोन शब्द समिधा मनाशी घोळवत होती. बोईसरचं रेल्वे फाटक आलं तेव्हा ती एकदम ताठ बसली. तिला आता जे ठाऊक होतं ते सगळं वाचकालाही ठाऊक आहे. फरक एवढाच, की तिनं ते जोडून पाहिलं.

रविवारी सकाळी समिधानं ललितलाही गाडीत घातलं आणि मासवणला आणलं. गोजराबाई पडवीत, जितेश दाराच्या चौकटीशी. कुत्री कुठाय, असं त्यानं आल्या आल्या विचारलं.

“तेच सांगते. बस,” समिधा म्हणाली.

तो बसला नाही.

समिधानं आधी ललितचं सगळं सांगितलं. मान खाली घालून ललित ऐकत होता. चोरी झालीच नव्हती हे कळल्यावर जितेश उसळला. बघ आई, कसल्या माणसांच्या हाती दिली होती, म्हणाला.

“थांब,” समिधा म्हणाली. “चिमी मासवणच्या नाक्यावर उतरली. तिथून हे घर किती लांब आहे? ती कुठे गेली असेल, गोजराबाई?”

“हितंच,” गोजराबाई लगेच म्हणाली. “दुसरी कुटं जाईल?”

“मग जूनमध्ये या घरी कोण येत-जात होतं? तुम्ही नाशिकला होतात.”

म्हातारीनं हळूच मुलाकडे पाहिलं. पावसाआधी छपराला प्लास्टिकचा कागद घालायला जितेश यायचा, ती म्हणाली.

“मी आलो तेव्हा इथं काही नव्हतं,” जितेश म्हणाला.

“काल तू मला म्हणालास, ललितनं तिच्या गळ्यात पिवळा बोया बांधला. ते तुला कसं कळलं?”

“फोटोत बघितलं.”

समिधानं मोबाईल त्याच्या हातात दिला. “शेडच्या पानावर, पाटीवर, सगळीकडे हाच एक फोटो गेलाय. दाखव बोया.”

जितेशनं फोटो पाहिला. मग पुन्हा पाहिला.

“कुणीतरी सांगितलं असेल.”

“कुणी? पट्ट्याचं मलाच काल सकाळी कळलं, ललितकडून. तिथून चौकीत जाऊन मी तुझ्याकडेच आले, आणि मी तुला सांगितलं नाही. दांडीला तू कधी गेला नाहीस, हे तुझंच म्हणणं. ललित, तू याला ओळखतोस?”

“आज पयल्यांदा बघतो,” ललित म्हणाला.

“तो बोया चिमीच्या गळ्यात पाडव्यानंतर आला. म्हणजे चिमीला शेडवर सोडल्यानंतर तू तिला पुन्हा पाहिलंस. आणि ती पुन्हा दिसेल अशी जागा एकच होती. हे अंगण. दोरी ललितनं कापली, पण चिमी नेली तू, जितेश. दोन महिन्यांपूर्वी, या पडवीतून. आई माझ्या पायरीवर बसून वाट बघत होती तेव्हा तू तिच्या शेजारी उभा राहून माझ्यावर ओरडत होतास, आणि चिमी कुठे आहे हे तुला ठाऊक होतं.”

मग गोजराबाई म्हणाली, “जितू, जिती हाय का ती?”

“आहे,” जितेश म्हणाला आणि चौकटीला टेकून खाली बसला.

एडवणला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या हर्षितची वाडी होती. जूनमध्ये तो छपराला कागद घालायला आला तर ओट्यावर चिमी. हडकलेली, गळ्यात बोया, दार नखांनी खरवडलेलं. मारून टाकावं किंवा कुठंतरी फेकावं असं त्याला झालं नाही. त्यानं तिला हर्षितकडे नेलं.

“तुझ्यासाठीच केलं, आई,” तो म्हणाला. “रात्रभर पडून होतीस तू. पुन्हा तसं झालं तर? त्या कुत्रीपायी तू इथून हलत नाहीस. ती नसती तर आली असतीस माझ्याकडे.”

गोजराबाईनं काठी उभी धरली. आवाज तिनं चढवला नाही.

“मी पडले तेवा मोबाईल हाताशी व्हता. तुला लावला. तू उचलला नायस. चिमी रातभर बोंबलली, म्हनून शेजारी आले. तीच नायशी कशी व्हईल ते तू बघितलंस.”

आपण त्या रात्री शिफ्टला होतो, फोन लॉकरमध्ये होता, असं काहीसं जितेश पुटपुटला. ते खरंही असेल. समिधाला त्याचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस फार चिडचिडा होतो.

ललितला नाक्यावर एसटीला सोडून बाकीची एडवणला गेली. हर्षित गोंधळून फाटकाशी आला. आईला आता कुत्री झेपत नाही, तिनंच पाठवलीय, असं जितेश त्याला म्हणाला होता. त्याच्या घरच्यांनी चिमीला चांगलं सांभाळलं होतं. नारळीखाली ती झोपली होती, अंगानं भरलेली.

गोजराबाईनं हाक मारली नाही. काठी टेकत ती जवळ गेली आणि उभी राहिली. चिमी उठली. आधी तिनं काठी हुंगली, ती तिला नवी होती. मग लुगड्याचा काठ हुंगला. मग तिच्या अंगाला कापरं भरलं, आणि ती म्हातारीच्या पावलांवर अंग टाकून आडवी झाली. गोजराबाईला वाकता येत नव्हतं. समिधानं तिला धरून खाली बसवलं.

मग जितेशनं गाडीचं मागचं दार उघडलं, चिमीला उचलून आत ठेवलं आणि आईला हात द्यायला पुढे आला.

“आई, चुकलो. तू म्हणशील तसं. मासवणला राहा. मी येत जाईन.”

गोजराबाईनं त्याचा हात घेतला नाही. ती समिधाला धरून गाडीत चढली आणि चिमीचं डोकं मांडीवर घेतलं.

“बाय,” ती समिधाला म्हणाली, “तुमी टाकलेल्यांना घरं बघून देता ना? ह्येच्यासाठी बी बघा एखादं. मी माज्या घरी चालले.”

हसलं कुणीच नाही. समिधानं दार लावलं आणि पुढे बसली. कुशलनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग किल्ली फिरवली. वाडीचं फाटक मागे पडेपर्यंत जितेश रस्त्यात उभा होता. त्याला गाडीत बस असं कुणीच म्हटलं नाही.